भाडेकरू घर सोडत नाहीये? कुलूप बदलायच्या आधी हे वाचा

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा रात्री साडेदहाला फोन आला. म्हणाला दादा, उद्या सकाळी चार पोरं घेऊन जातोय आणि त्याचं सामान जिन्यात काढून ठेवतोय, बस झालं आता. पुण्यात सिंहगड रोडला त्याचा वन बीएचके आहे, भाडेकरूने पाच महिने भाडं दिलेलं नाही, अ‍ॅग्रीमेंट संपून तीन महिने झालेत आणि फ्लॅटचा हप्ता मात्र दर पाच तारखेला ह्याच्या पगारातून जातोच आहे. राग येणारच. मी एवढंच विचारलं, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलं होतंस का? हो म्हणाला. मग म्हटलं बाबा, तुझी बाजू भक्कम आहे, ती उद्या सकाळी स्वतःच्या हाताने मोडू नकोस.

तो गेला नाही. त्या रात्री फोनवर त्याला जे जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात. माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर कोथरूडला एक फ्लॅट आहे आणि नारायण पेठेतल्या वाड्यात वडिलांकडून आलेला हिस्सा आहे, त्यामुळे नवा भाडेकरू आणि पन्नास वर्षांचा जुना भाडेकरू, दोन्ही बाजूची भांडणं घरात बघितलीत. मी वकील नाही, केस उभी राहिली की वकील करावाच लागतो. पण वकिलाकडे जाईपर्यंत लोक जे करून बसतात त्यानेच अर्धी केस बिघडते, म्हणून हे लिहिणं.

सगळ्यात आधी आपला भाडेकरू नेमका कोण आहे ते बघा

आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो पण कायद्याला ते चालत नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागतो, तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यात राहायला दिलेली लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नुसती वापराची परवानगी दिलेली जागा वेगळी, जुना संरक्षित किंवा पागडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्यावर राहणारा भाडेकरू वेगळा, आणि दुकान ऑफिस दिलं असेल तर त्याचा रस्ता आणखी वेगळा. लीव्ह अँड लायसन्सवाला राहायचा फ्लॅट असेल तर तुम्हाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, ते त्यातल्या त्यात लवकर होतं. बाकी दोघांसाठी कोर्ट, म्हणजे मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय, आणि तिथे वर्षं मोजावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी सांगतो माझ्या साडूने तीन महिन्यात खाली करून घेतलं आणि दुसरा सांगतो आमची केस अठरा वर्षं चाललीये, दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांचे भाडेकरू वेगळ्या प्रकारचे असतात.

अजून एक, ते दर काही महिन्यांनी फॉरवर्ड फिरतात ना, घरभाड्याचे नवे नियम आले, डिपॉझिट आता दोनच महिन्यांचं, वगैरे. ते मूळ आदर्श भाडेकरू कायद्यातून आलेलं असतं, केंद्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये तो मंजूर केला आणि राज्यांकडे पाठवला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे फॉरवर्ड वाचून भाडेकरूशी भांडायला जाऊ नका, आणि त्याने तो तुम्हाला दाखवला तरी घाबरू नका.

रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट, इथेच सगळं ठरतं

माझी चूक सांगतो. कोथरूडचा फ्लॅट पहिल्यांदा दिला तेव्हा एजंटने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट टाइप करून नोटरी करून आणलं आणि म्हणाला सर अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नसते. मी मान डोलावली. पुढे तो माणूस उठेना तेव्हा वकिलाने पहिलं कलम ५५ दाखवलं. त्यात लिहिलंय की जागा भाड्याने दिल्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. कितीही महिन्यांचा असो. नोंदणी नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही तोवर. म्हणजे तो उद्या म्हणाला की मला पाच वर्षांसाठी दिलाय आणि भाडं आठ हजार ठरलंय, तर खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. वर शिक्षा वेगळी, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीही घरमालकाला.

ते अकरा महिन्यांचं खूळ आलं कुठून? देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे बाकी राज्यांत लोक अकरा महिन्यांचे करार करतात आणि ती सवय इथेही आली. महाराष्ट्रात तिचा काही उपयोग नाही. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं, दोन वर्षांचं करा, तीनचं करा, दरवर्षी पळापळ नको.

खर्चाची भीती तर अजिबात नको. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का असते, ती पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून जे व्याज होईल त्याच्यावर. समजा भाडं २० हजार, मुदत २४ महिने, डिपॉझिट ६० हजार. भाडं झालं ४ लाख ८० हजार, व्याज दोन वर्षांचं १२ हजार, एकूण ४ लाख ९२ हजार, त्याचा पाव टक्का १,२३० रुपये. वर शहरात नोंदणी फी एक हजार. एजंट किंवा ऑनलाईन करून देणारे आपले पैसे वेगळे घेतात, घरी येऊन अंगठे घेऊन जातात, आधारवर सगळं होतं. अडीच-तीन हजार वाचवायला जाऊन मी सव्वादोन वर्षं कोर्टात घालवली, आणि तेवढ्या काळातलं भाडं कधीच हातात आलं नाही.

दुसरी भीती, बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. असं होत नाही. बारा वर्षांची गोष्ट मालकाच्या परवानगीशिवाय, त्याच्या हक्काला आव्हान देऊन उघडपणे ताबा ठेवणाऱ्याची आहे. लीव्ह अँड लायसन्सवाला तुमच्या परवानगीनेच राहत असतो. त्यामुळे बारा वर्षांच्या धास्तीने चांगला, वेळेवर भाडं देणारा भाडेकरू दर अकरा महिन्यांनी काढू नका, त्याच्या पोरांच्या शाळेचं काय होतं याचा जरा विचार करा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती पण त्याच आठवड्यात. मुंबई पुण्यात पोलिस आयुक्तांचे तसे आदेश असतात, ऑनलाईन फॉर्म भरता येतो, आणि नाही दिली तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहून घ्यायचं

छापील मसुदा असतो तोच सगळे सही करतात. निदान एवढं तरी बघा. भाडं किती तारखेपर्यंत आणि कुठल्या खात्यात, कॅश नाही. किती महिने थकलं की करार रद्द करता येईल. दोन्ही बाजूंनी सोडायची नोटीस किती, साधारण एक महिना ठेवतात. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच सोडता येणार नाही असा काळ, असेल तर तो दोघांना आहे की एकाला. मेंटेनन्स कोण भरणार, लाईटबिल कोण, गॅस कोण. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असाल तर आत्ताच आकडा लिहा, नंतर नको, कारण डिपॉझिटच्या भांडणात रंगाइतकं भांडण दुसऱ्या कशावर होत नाही. घरात राहणार कोण कोण त्यांची नावं लिहा.

आणि चावी देताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ, कपाटाचे ड्रॉवर, गिझर चालू करून, मीटरचं रीडिंग, आणि तिथेच उभं राहून तो व्हिडिओ भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करा आणि त्याच्याकडून "मिळाला, बरोबर आहे" असं उत्तर घ्या. हे तुमच्याइतकंच त्याच्याही फायद्याचं आहे, आधीची भेग त्याच्या माथी बसत नाही. चॅट डिलीट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा लागतो तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतो, पण त्यासाठी मूळ फोनमध्ये चॅट असावं लागतं.

आता खरा प्रश्न, तो भाडं देत नाही किंवा मुदत संपली तरी उठत नाही

काय करायचं नाही ते आधी सांगतो कारण तिथेच लोक घसरतात. लाईट तोडायची नाही. पाणी बंद करायचं नाही. कुलूप बदलायचं नाही. सामान बाहेर काढायचं नाही. सोसायटीच्या वॉचमनला सांगून त्याला गेटवर अडवायचं नाही. त्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा करायचा नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सोयी तोडायला बंदी आहे, भाडेकरू अर्ज करून त्या परत जोडून घेऊ शकतो आणि तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कुलूप लावून बाहेर काढलंत तर त्याहून वाईट, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही, फक्त एवढंच बघतात की ताबा कोणाकडे होता आणि तो कायदेशीर मार्गाशिवाय काढला का. म्हणजे स्वतःच्या फ्लॅटची चावी कोर्टाच्या हुकमाने त्यालाच परत द्यायची वेळ येते. मधल्या काळात पोलिसात धमकीची, चोरीची तक्रार होते ती वेगळीच, आणि मग तडजोड करताना तुम्ही खाली मान घालून बसता.

मग करायचं काय. पहिलं, बोला. खरंच बोला, फोनवर नाही, समोर बसून. माझ्या दुसऱ्या भाडेकरूची नोकरी गेली होती, दोन महिने भाडं आलं नाही आणि तो फोन उचलत नव्हता, मी चिडून गेलो तर घरात बायको आजारी. आम्ही तिथेच ठरवलं की डिपॉझिटमधून दोन महिने वळते करायचे आणि महिनाअखेर त्याने गावी जायचं. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तो गेला, शब्दाप्रमाणे. हे दर वेळी होत नाही पण करून बघायला दोन तास लागतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना सांगितलं होतं की भाडं निदान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं दिलं नाही म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका, तेव्हा ज्या मालकांनी हप्ते बांधून दिले त्यांचे भाडेकरू टिकले, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलंय.

बोलून नाही झालं तर लेखी. आधी तुमचा स्वतःचा मेसेज आणि ईमेल, तारखा आणि आकडे घालून: अमुक महिन्यांचं अमुक भाडं बाकी, करार अमुक तारखेला संपला किंवा संपतोय, नूतनीकरण करणार नाही, ताबा द्यावा. शिव्या नाहीत, धमकी नाही, हा मेसेज उद्या अधिकारी वाचणार आहे असं समजून लिहा. करार संपायच्या निदान दोन महिने आधी हे कळवलंत तर उत्तम. त्यानंतर वकिलाची नोटीस पोस्टाने, आणि पोस्टाची पावती, पोच, परत आलेलं पाकीट, सगळं जपून ठेवायचं. पाकीट "घेण्यास नकार" म्हणून परत आलं तरी ते उघडू नका, तसंच ठेवा.

इथे एक बारीक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. मुदत संपल्यावर त्याने भाडं म्हणून पैसे टाकले आणि तुम्ही गुपचूप घेत राहिलात तर उद्या तो म्हणणार मालकाने करार पुढे चालू ठेवला. म्हणून पैसे आले की त्याच दिवशी मेसेज करा की ही रक्कम मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी, माझे हक्क अबाधित ठेवून घेतोय, हे भाडं नाही.

मग सक्षम प्राधिकारी. राहण्यासाठी दिलेल्या लीव्ह अँड लायसन्सच्या जागेची मुदत संपली आणि ताबा मिळाला नाही तर कलम २४ खाली तुमच्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नोंदवलेला करार, मालकीचे कागद, नोटीस आणि पोच, थकबाकीचा हिशोब जोडायचा. याचं बळ कशात आहे ते सांगतो. एक तर लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा धरतात, तो आयत्या वेळी म्हणू शकत नाही की मी लायसेन्सी नाही, जुना भाडेकरू आहे. दुसरं, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला शपथपत्र देऊन केस लढवायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. तिसरं, मुदतीनंतर जितके दिवस राहिला त्याची भरपाई लायसन्स फीच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने. आणि ताब्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त वर रिव्हिजन, म्हणजे आदेशाची फेरतपासणी मागता येते.

ही दुप्पट भरपाई नोटिशीत ठळक लिहा. २० हजारांच्या घराचे महिन्याला ४० हजार चढतायत हे आकड्यात दिसलं की बरेच जण तिथेच बोलायला येतात. माझ्या मावसभावाचा भाडेकरू नोटीस मिळाल्यावर आठव्या दिवशी स्वतःहून आला. ते प्रकरण अजून मिटायचंय पण निदान बोलणं सुरू झालंय, आणि जिन्यात कोणाचं सामान पडलेलं नाही.

मुदत संपायच्या आतच काढायचं असेल, म्हणजे भाडं थकलंय पण करार अजून वर्षभर आहे, तर आधी कराराच्या अटीप्रमाणे नोटीस देऊन करार रद्द करावा लागतो आणि ते नीट झालं नाही तर पुढचं सगळं लटकतं, हे काम वकिलाकडूनच करून घ्या. पोलिस स्टेशनला गेलात तर दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतील, त्यांच्यावर रागावू नका, त्यांना घर खाली करून द्यायचा अधिकार नाही. आदेश हातात आल्यावर अंमलबजावणीला पोलिस बंदोबस्त मिळतो, तो मागायचा.

सोसायटीच विरोधात उभी राहिली तर

पुण्यात हे फार होतं. बॅचलर नको, मुली नकोत, अमुक समाजाचे नकोत, आणि सामानाचा टेम्पो गेटवर आला की वॉचमन अडवतो, खाली चार सभासद जमलेले. लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट देताना सोसायटीला आधी कळवायचं, कराराची आणि पोलिस माहितीची प्रत द्यायची, हे तुमचं काम, ते चुकवू नका. पण त्यांची मर्जी असेल तरच देता येईल असं नाही. अडवणूक झाली तर तिथे आरडाओरडा करण्यापेक्षा कमिटीला लेखी विचारा की कुठल्या उपविधीखाली, म्हणजे सोसायटीच्या कुठल्या नियमाखाली, कुठल्या सभेच्या कुठल्या ठरावाने अडवताय, त्याची प्रत द्या. बहुतेक वेळा प्रत येतच नाही. मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

भाड्याने दिलं म्हणून जादा आकारणी करतात त्यालाही मर्यादा आहे, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो उचलून धरला. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. म्हणजे सेवा शुल्क दोन हजार असेल तर दोनशे रुपये. कोणी तीन हजार लावत असेल तर हे दाखवा.

पण शेजाऱ्यांची तक्रार खरी असेल, रात्री दोन वाजता गोंगाट, जिन्यात बाटल्या, तर मालक म्हणून तुम्ही पळून जाऊ नका. तुम्ही चार किलोमीटरवर झोपलेले असता, त्रास त्यांना होतो. भाडेकरूला एकदा लेखी समज द्या, त्याची प्रत कमिटीला द्या. मालक ऐकतो हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी गेटवर माणसं जमत नाहीत.

पीजी किंवा एकाच बिल्डिंगमध्ये बरेच भाडेकरू असतील तर

पाणी दोन दिवस नाही, जेवणात अळी, डिपॉझिट परत मिळत नाही, आणि एका संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं पोरी खाली बसतात, कोणीतरी व्हिडिओ काढत असतो, स्थानिक कार्यकर्ता येतो. अशा वेळी मालक एक तर फोन बंद करतो नाहीतर पोलिस बोलावतो. दोन्हीने आग वाढते. तिथे जा. एकट्याने जा किंवा घरातलं एखादं मोठं माणूस घेऊन. सगळ्यांशी एकदम बोलायचा प्रयत्न करू नका, त्यांनाच सांगा दोघं तिघं निवडा आणि मागण्या कागदावर लिहा. प्रत्येक मागणीपुढे तुम्ही तारीख लिहा: टँकर आज रात्री, मोटार परवापर्यंत, डिपॉझिटचा हिशोब दहा तारखेला. जे जमणार नाही त्यापुढे जमणार नाही असं स्पष्ट लिहा. सही करा, फोटो त्यांनाही काढू द्या. आणि ज्यांनी तोंड उघडलं त्यांना पुढच्या महिन्यात काढायचं नाही. विद्यार्थी लांबून आलेले असतात, लातूर, नांदेड, बुलढाणा, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवलेले असतात, त्यांचं पंधरा हजारांचं डिपॉझिट तुम्हाला छोटं वाटत असेल, त्यांना ते छोटं नसतं.

जुना वाडा, चाळ, पागडी: गुंतवणूक म्हणून घेताय तर दहा वेळा विचार करा

गिरगाव, दादर, लालबाग किंवा आमच्या पेठांमध्ये मोक्याची जागा स्वस्तात मिळतेय म्हणून भाडेकरूंसकट इमारत घेणारे लोक भेटतात. स्वस्त का आहे तर आतल्या माणसांचे हक्क त्या किमतीत धरलेले असतात. मुंबईत जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली होती, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये हे गोठवणं अन्यायकारक आहे असं म्हटलं आणि पुढे १९९९ चा कायदा आला, तरी भाडेवाढ वर्षाला चारच टक्के. ऐंशी रुपयांवर चार टक्के म्हणजे किती ते करून बघा. आमच्या वाड्यात एका बिऱ्हाडाचं महिन्याचं भाडं घरपट्टीच्या वाट्यालाही पुरत नाही, वडील कौलं बदलायला स्वतःच्या पेन्शनमधून पैसे घालायचे. मालकाचं हे दुःख खरं आहे आणि ते कोणी बोलत नाही. पण त्याच खोलीत चौथी पिढी वाढतेय, त्यांच्या आजोबांनी तेव्हा पागडी मोजून दिलेली, तेही तितकंच खरं.

भाडं थकलं म्हणून काढायला गेलात तर आधी नव्वद दिवसांची नोटीस, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सगळी बाकी पंधरा टक्के व्याजासकट कोर्टात भरली तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. सहा महिने विनाकारण कुलूप असणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, तुमची स्वतःची खरी गरज, ही कारणं आहेत पण प्रत्येक कोर्टात शाबित करावं लागतं. काही मालक भाडं घ्यायचंच बंद करतात, म्हणजे थकबाकीदार ठरवता येईल म्हणून, तो मनीऑर्डर पाठवतो, परत आलेल्या मनीऑर्डरी जपून ठेवतो आणि कोर्टात त्याच दाखवतो. भाडं घ्या, पावती द्या, पावती देणं बंधनकारकच आहे.

इमारत धोकादायक झाली की सगळ्यात मोठा भडका उडतो. पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस लागते, मालक म्हणतो खाली करा, भाडेकरू म्हणतात हा डाव आहे, एकदा बाहेर पडलो की परत आत घेणार नाही, आणि मग बायका मुलं घेऊन रस्त्यावर बसतात. त्यांची भीती खोटी नाही, असं घडलेलं लोकांनी बघितलंय. तुम्ही हे टाळू शकता. बाहेर पडायच्या आधी प्रत्येक खोलीचं मोजमाप दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर करा, तक्त्यावर नाव, क्षेत्रफळ, मजला, सह्या. महापालिकेकडून क्षेत्रफळाचा दाखला मिळतो तो त्यांच्या हातात द्या. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही हे पत्रात लिहून द्या, कारण तो तसाही संपत नाही, तुम्ही लिहून दिलंत तर फक्त भीती जाते. आमच्या वाड्याचा मागचा भाग उतरवला तेव्हा चार बिऱ्हाडं होती, तक्ता झाला त्या रविवारी दोघांनी सामान बांधायला घेतलं, आणि त्याआधी आठ महिने नुसती भांडणं चालली होती. नवीन बिल्डरशी करार करतानाही तोच तक्ता लागतो, पर्यायी जागेचं भाडं कोण किती महिने देणार, थांबलं तर काय, हे त्यात लिहा. बिल्डर भाडं बंद करतो तेव्हा लोक बिल्डरच्या ऑफिसवर जातात आणि तिथून मालकाच्या दारात येतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं

न्यू जर्सी, लंडन, दुबईत असणारे पुष्कळ जण पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने देतात आणि चावी नातेवाइकाकडे किंवा एजंटकडे. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून ठेवा, त्यात भाडेकरार करणं, नोंदणी करणं, नोटीस देणं, सक्षम प्राधिकाऱ्यापुढे आणि कोर्टात हजर राहणं हे स्पष्ट लिहा, नुसतं "देखभाल" लिहिलेलं पुरत नाही. ते तिकडे अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) घेऊन किंवा वकिलातीतून करून आणल्यावर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथली स्टॅम्प ड्युटी भरायची, हे विसरतात आणि ऐन वेळी कागद चालत नाही. आणि भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी आहे, त्याने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, साधारण ३१.२ टक्के. बिचाऱ्याला माहीत नसतं आणि दोन वर्षांनी त्याला नोटीस येते, मग त्याचं तुमच्याशी भांडण.

ताबा परत घेताना

शेवटी तो जातोय, तडजोडीने किंवा आदेशाने. घाई करू नका. दिवसा घ्या, दोन शेजारी किंवा सोसायटीचं कोणी साक्षीला. आधी काढलेला व्हिडिओ उघडून खोली खोली बघा. लाईटचं रीडिंग दोघांनी बघायचं, महावितरणचं शेवटचं बिल, गॅसचं बिल, सोसायटीची बाकी, सगळं एका कागदावर. कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल किंवा कोटेशन दाखवा आणि उरलेलं डिपॉझिट तिथेच, त्याच्यासमोर, खात्यात टाका, महिनाभर लटकवू नका. मग ताबा पावती: अमुक तारखेला अमुक वाजता रिकामा ताबा दिला, इतक्या चाव्या दिल्या, एकमेकांचं काही देणं नाही किंवा इतकं बाकी आहे, दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या. काही सामान मागे राहिलं असेल तर यादी करून कधी नेणार ते लिहून घ्या, फेकू नका. पोलिसांना आणि सोसायटीला भाडेकरू गेल्याचं कळवा. कुलूप त्यानंतर बदला.